तिसरी पिन

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो आणि समोर पसरतं ते वैशाखातलं ऊन. इतकं पांढरं ऊन कुठल्याही दिव्यानं रंगमंचावर पाडता आलेलं नाही. स्थळ, अकोल्याजवळचं बार्शीटाकळी. दिवस बुद्धपौर्णिमेचा, वेळ दुपारी दोनची. विहाराच्या मागे काळ्या मातीचं मोकळं रान, आणि त्याला भेगा अशा की एखाद्या पोराची चप्पल आत गेली तर ती पावसाळा संपल्यावरच हाती लागावी. मधोमध बांबूंचा मंडप, निळं-पांढरं कापड, पुढे फळ्यांचं स्टेज. स्टेजवर कुणी नाही. स्टेजच्या मागे, जिथे प्रेक्षकांची नजर कधी जात नाही तिथे, सदुसष्ट वर्षांचा एक किडकिडीत माणूस उकिडवा बसून बादलीनं जमिनीला पाणी पाजतो आहे.

हे नत्थुजी काळबांडे. राहणार अमरावती. धंदा, दुसऱ्याचा आवाज मोठा करणं.

त्यांच्या पुढ्यात एक लोखंडी सळई जमिनीत ठोकलेली होती. सळईला तांब्याची तार, तार स्टेजवरच्या लाइटच्या बोर्डाला. वीज वाट चुकून भलतीकडे शिरली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या तारेवरून जमिनीत जावं, यासाठी ही सोय. लोक तिला अर्थिंग म्हणतात. पण वऱ्हाडातली काळी माती मोठी मानी. पावसाळ्यात माणसाचा पाय सोडत नाही, आणि उन्हाळ्यात अंग अशी चोरून घेते की सळईभोवती बोटभर फट पडते. सळई जमिनीत असते, पण जमिनीला लागलेली नसते.

नत्थुजींनी होल्डरमधला शंभरचा बल्ब उचलला. एक वायर लाइनला लावली, दुसरी सळईला. बल्ब लागला, पण कावीळ झालेल्या डोळ्यासारखा.

“लागून राह्यला, पण जीव नाई,” ते स्वतःशीच पुटपुटले. फटीत मूठभर खडेमीठ टाकलं आणि उरलेली बादली उपडी केली.

“ओ मशीनवाले भाऊ!” चुलाणावरून पार्बताबाई ओरडल्या. खिरीचं पातेलं त्यांच्या ताब्यात होतं आणि पाण्याची टाकीही. “चौथी बकेट हाये ते! लोकाइले पिवाले पाणी नाई अन् तुमी भुईले पाजून राह्यले?”

“भुईले पाजलं तं माणूस वाचते, बाई.”

“अन् माही खीर? ते का कोरडी ढवळू?”

नत्थुजी हसले नाहीत. एरवी हसले असते. ते रिकामी बादली घेऊन पुन्हा टाकीकडे निघाले, आणि नळाच्या तोटीला हात लावण्याआधी त्यांनी नेहमीचं ते केलं. हात उलटा केला, बोटांची मागची बाजू तोटीला क्षणभर टेकवली, मागे घेतली, आणि मगच तोटी धरली.

ही त्यांची खोड साऱ्या अमरावतीला माहीत होती. एसटीचा दांडा असो, फाटकाची कडी असो, चहाचा स्टीलचा ग्लास असो, नत्थुजी आधी उलट्या हातानं विचारणार आणि मग सुलट्या हातानं धरणार. विजेचं काम करणारे असं करतातच. वीज असली तर मूठ आवळली जाते, आणि उलट्या हाताची मूठ वस्तूवर आवळत नाही. पण म्हणून चहाच्या ग्लासाला? त्यांची बायको रुख्मिणी शेजारणींना सांगायची, “लग्नात मंगळसूत्र सुलट्या हातानं बांधलं होतं हो यानं. बावीस वर्सं झाले, आता देवाच्या टाकालेबी उलट्या हातानं शिवते.”

बावीस वर्षं, हा आकडा तिनं बरोबर धरला होता. त्यामागचं कारण मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

आज पाच वाजता, याच स्टेजवर, लीलाबाई खंडारे बेंजो वाजवणार होत्या. बावीस वर्षांनी. आणि त्यांची अट एकच होती, मशीन नत्थूनं लावली पाहिजे.

ज्यांनी लीलाबाईंना ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबू या. बेंजो म्हणजे तारांचं वाद्य, पण त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. नुसतं वाजवलं तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं की मात्र गाव गोळा करतं. अकोल्याच्या लीलाबाई हे वाद्य उभ्यानं वाजवायच्या आणि त्याच वेळी माइकवर गायच्या. भीमजयंती असो, लग्न असो, नांदगाव असो की दर्यापूर, त्यांचा आवाज आणि बेंजो एकमेकांचा हात धरून निघत. आणि एक रिवाज. स्टेजवर चढण्याआधी त्या तांब्याभर पाणी घेऊन पाय धूत आणि अनवाणी वर जात. फळ्यांवर ओल्या पावलांचे ठसे उमटत. “ज्या फळीवर पोट भरते तिच्यावर वहाणा घालून उभं नाई राहू,” असं त्या म्हणत. पहिल्या रांगेतल्या बाया त्या ठशांकडे पाहूनच सरसावून बसत.

आणि त्यांच्या मागे, पडद्याआड, नत्थुजींची मशीन.

अ‍ॅम्प्लिफायरला आमच्याकडे सारेच मशीन म्हणतात. ही नत्थुजींनी स्वतः बांधलेली होती, अमरावतीच्या एका रेडिओ दुकानात पंधराव्या वर्षापासून तारांना सोल्डरचा डाग देत देत शिकलेल्या हातांनी. सागवानी खोका, बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह, बारा इंची स्पीकर. तिचे लाड ते पोटच्या पोरीसारखे पुरवत. चालू केल्यावर व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत कुणाला तारेला हात लावू देत नसत. “तापू द्या तिले, मंग बोलन.” कार्यक्रम संपल्यावर ती निवेपर्यंत टेम्पोत चढवू देत नसत, कारण गरम व्हॉल्व्ह धक्क्यानं जातो. बटणं करकर करू लागली की उघडून पुसत. स्पीकरचा कागद फाटला तर पतंगाचा ताव खळीनं चिकटवत, आणि तो ताव नेहमी पांढरा. का, तर रंगीत तावानं आवाज बदलतो, अशी त्यांची समजूत. असेल, नसेल. आपल्या कामावर जीव लावणाऱ्या माणसाला एखादी खोटी समजूत माफ असते.

पण एक गोष्ट माफ नव्हती, आणि ती त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होती.

हत्यारांच्या त्या डब्यात, पकडींच्या खाली, मेणकापडात गुंडाळलेला एक जुना काळा प्लग होता. तीन पिनांचा. वरची जाडी पिन अर्धीच, करवतीनं कापलेली. सकाळी अमरावतीहून निघाल्यापासून त्यांनी तो डबा किती वेळा उघडून मिटला असेल? मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारच्या प्रवाशानं विचारलंच, “काय नेऊन राह्यले बाप्पा, साप हाये का आत?”

बावीस वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरला दुपारचा कार्यक्रम होता. बेंजोची मशीन एका लाइनवर, आणि मंडपवाल्याची माइकची मशीन दुसऱ्या लाइनवर. दोन लाइनी, दोन अर्थिंग. अशा वेळी मशीन घरघर करते, भरल्या पोटाच्या मांजरासारखी, आणि थांबतच नाही. लोक खोळंबले होते, शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर घेतल्या की घरघर जाते, हे नत्थुजींना तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा सगळे जे करत तेच त्यांनी केलं. करवत घेतली आणि आपल्या मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन कापली. घरघर एकदम बंद. कुणीतरी पाठीवर थाप मारली, “वा रे नत्थू!”

उन्हानं तापलेल्या मशीनच्या आत एका वायरचं कातडं वितळलं होतं. वीज खोक्यातल्या पत्र्यावर उतरली, तिथून तारेवाटे बेंजोवर आली. तिला जमिनीत जायची वाट नत्थुजींनीच कापून ठेवली होती. माइकची अर्थिंग मात्र शाबूत होती. दुसऱ्या गाण्यात लीलाबाईंचा डावा हात बेंजोच्या पत्र्याला लागला आणि ओठ माइकच्या जाळीला. तोंड उघडं, आणि आवाज नाही. नत्थुजींनी पाहिलं, धावले आणि रबरी बुटाच्या लाथेनं माइकचा स्टँड उडवला.

लीलाबाई वाचल्या. ओठ भाजला, डाव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळी पडली. लोक त्यांना उचलून नेत होते तेव्हा नत्थुजींनी प्लग उपसला, वायर तोडली आणि प्लग खिशात घातला. कुणी पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात अकोल्याला सभा घेऊन त्यांचा सत्कार झाला. प्राण वाचवले म्हणून. पट्टी बांधलेल्या हातानं लीलाबाईंनीच शाल घातली आणि म्हणाल्या, “माहेच पाय ओले होते. चूक माही. हा होता म्हणून मी हाये.” सगळं गाव तेच म्हणत होतं, ओल्या पायानं उभी राहिली म्हणून लागला शॉक. नत्थुजींनी तोंड उघडलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांचं असंच असतं. काही वाक्यं त्यांच्याखाली दबतात ती दबतात.

तेव्हापासून लीलाबाईंनी बेंजो सोडला. माइक सोडला. शिवणकाम करून पोरगी शिकवली. आणि पायातली रबरी चप्पल कधी काढली नाही.

“काका, तुमी अजून पाणीच टाकून राह्यले का?”

पौर्णिमा आली होती. तीच ती पोरगी, लीलाबाईंची लेक, आता चाळिशीला आलेली, आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवणारी. तिच्या पिशवीत मीटर आणि एक नवा ट्रिपर होता. वीज जराशी गळू लागली की माणसाला कळायच्या आत लाइन तोडणारी डबी.

“दोन्ही मशीन एकाच बोर्डावर घेतल्या ना?”

“एकाच. बोर्ड एक, अर्थिंग एक.”

“घरघर?”

“टाचणी पडली तं ऐकू येईन.”

तिनं ट्रिपर बसवला. मग खोटी गळती करून पाहिली. खट्! लाइन गेली. चुलाणाजवळचा पंखा थांबला आणि पार्बताबाईंनी दोघांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. पौर्णिमा हसत हसत लाइन चालू करत होती, तेव्हा नत्थुजींनी विचारलं,

“पोरी, एक सांग. घरघर बंद कराले कोणी अर्थिंगची पिनच कापून टाकली तं?”

“तं त्याले माह्या वर्गात पयल्या बाकावर बसवीन अन् वर्सभर उठू देणार नाई.”

“पयले कापत होते लोक.”

“मूर्ख होते.” ती वायर गुंडाळत होती. “काहून? कोण कापत होतं?”

नत्थुजींनी रिकामी बादली उचलली. “बकेट भरून आणतो,” म्हणाले आणि निघाले. सळईजवळची माती मघाशीच पाणी पिऊन पुन्हा कोरडी पडली होती. सहावी बादली. ट्रिपरच्या आधीच्या लाइनवर लावलेला बल्ब उजळला. ते मंडपाला एक फेरी मारून आले, मशीनचा आवाज कमी केला, पुन्हा वाढवला, बेंजोच्या वायरची पिन काढून कागदानं घासली, पुन्हा घातली, आणि परत येऊन बल्ब लावून पाहिला. जरासा मंद. सातवी बादली.

साडेचारला लीलाबाई आल्या. बहात्तर वर्षांच्या, पांढरं पातळ, पाठ ताठ, पायात निळी रबरी चप्पल.

“जय भीम, लीलाताई.”

“जय भीम. काय रे नत्थू, वाळून खारीक झाला की. रुख्मिणी जेवाले घालते का नाई?” मग त्यांची नजर सागवानी खोक्यावर गेली. त्या वाकल्या आणि त्यावरून हात फिरवला. “हे म्हातारी अजून हाये?”

“तीन व्हॉल्व्ह बदलले. स्पीकर नवा. खोका तोच.”

“माहंही तसंच हाये. खोका तोच.”

“ताई, एक सांगाचं होतं.”

“कार्यक्रम झाल्यावर सांग. वाजवाच्या आंधी कोणी काई सांगतलं का माहे बोटं आखडते.” आणि जमलेल्या बायांकडे वळून त्या ठसक्यात म्हणाल्या, “पायून घ्या वं याले. यानं लात मारली म्हणून मी आज इथी उभी हाये!”

बायांनी हात जोडले. एकीनं तर वाकून नमस्कार केला. नत्थुजी दोन पावलं मागे सरले, डब्याला अडखळले. डबा खणखणला. आत तो प्लग.

पाच वाजले. मंडप भरला. खिरीचे द्रोण फिरून झाले होते, उन्हाची तिरीप फळ्यांवर आली होती. लीलाबाई पायऱ्या चढल्या आणि बेंजोपासून हातभर अंतरावर थांबल्या. डावा हात पुढे केला, त्या दोन बोटांचा. हात हवेतच राहिला.

“पौर्णिमा,” त्या हलकेच म्हणाल्या, “नाई होत बाप्पा.”

“माय, मी सोता तपासलं. ट्रिपर हाये, अर्थिंग हाये.”

“तपासलं असंल. पण माह्या पायाचा मले भरोसा नाई. रबर घातलं तरी वाटते का पाय ओलेच हायेत.” त्या मागे सरून पायऱ्या उतरल्या. “चाल घरी.”

स्टेजच्या कडेला उभ्या नत्थुजींनी हे शब्द ऐकले. माह्या पायाचा मले भरोसा नाई. म्हणजे बावीस वर्षं ही बाई स्वतःच्याच पावलांना गुन्हेगार समजून जगली. आपल्या डब्यातलं ओझं ती तिकडे अकोल्यात पायात घालून फिरत होती.

त्यांनी बूट काढले. भरून ठेवलेल्या आठव्या बादलीत दोन्ही पाय बुडवले. आणि चढले. फळ्यांवर ओले ठसे उमटले, एक, दोन, तीन, चार. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया एकदम सरसावून बसल्या. हे ठसे त्यांना ओळखीचे होते, माणूस तेवढा दुसरा.

नत्थुजींनी डावा हात बेंजोच्या पत्र्यावर ठेवला. उलटा नाही. सुलटा, सपशेल तळवा. आणि ओठ माइकच्या जाळीला टेकवले. माइक चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षं दुसरं केलं काय होतं त्यांनी?

“पाहा, ताई,” त्यांचा आवाज मंडपात, चुलाणावर, विहारात, पार रस्त्यापर्यंत गेला. “पाय ओले हायेत. हात पत्र्यावर हाये. तोंड माइकले हाये. काई होत नाई. ओल्या पायानं काईच होत नाई, जर अर्थिंग असलं तं. त्या दिवशी नांदगावले अर्थिंग नव्हतं. ते मी कापलं होतं.”

उजव्या हातानं त्यांनी तो प्लग वर धरला. तिसरी पिन अर्धी.

“घरघर करत होती म्हणून कापलं. मंग लपवलं. शाल घेतली, नारळ घेतला, पण सांगतलं नाई. तुमच्या पायाची काईच चूक नव्हती, लीलाताई. चूक माह्या हाताची होती.”

मशीन इतकी स्वच्छ लागली होती की तिची जराही घरघर नव्हती.

“काका!” पौर्णिमा पुढे झाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “बावीस वर्सं माही माय...”

“तू थांब वं,” लीलाबाई म्हणाल्या.

त्या पुन्हा पायऱ्या चढल्या. नत्थुजींच्या हातातून प्लग घेतला. काळ्या पडलेल्या त्या दोन बोटांनी कापलेल्या पिनेचं टोक चाचपलं, बराच वेळ, जणू सुईत दोरा ओवायचा आहे.

“न्हाणीतबी चपला घालून गेलो मी, नत्थू,” त्या म्हणाल्या. “बुद्धवंदनेलेबी पायरीपर्यंत चपला. लोकं नावं ठेवत.”

नत्थुजींनी मान खाली घातली.

“शाल कुठी हाये?”

“पेटीत. घडी नाई मोडली.”

“माह्या पोरीले आणून दे. थंडीत कामी येईन.”

मग त्या वाकल्या. डाव्या पायातली चप्पल काढून हातात घेतली. मंडपातून एकच श्वास उठला. “माय!” पौर्णिमा ओरडली. पार्बताबाई झारा घेऊन उभ्या राहिल्या. नत्थुजींनी डोळे मिटले आणि गाल पुढे केला. तो मार आपला आहे, हे त्यांना बावीस वर्षांपासून माहीत होतं.

मार आला नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा लीलाबाई दुसऱ्या पायातलीही चप्पल काढत होत्या. त्यांची पावलं, इतकी वर्षं जमिनीला न लागलेली, नत्थुजींनी सोडलेल्या ओल्या ठशांवर टेकली. दोन्ही चपला त्यांनी नत्थुजींच्या हातात कोंबल्या, बेंजोपुढे उभ्या राहिल्या आणि वळून न बघता म्हणाल्या,

“धर माह्या चपला. अन् मांगं जाऊन त्या सळीवर पाणी टाक. मी थांबाच्या आंधी तू थांबला, तं मंग सांगतो तुले.”